आधी कानात, मग मांडवात

पत्र: माझे वय २० असून मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव तासगाव तालुक्यात. मला डीजे वाजवायला शिकायचे आहे. बेदाण्याच्या हंगामातली माझी कमाई आणि आईने भिशीतून दिलेले पैसे मिळून ३०,००० रुपये जमले आहेत. दुकानात हर्क्युलिसचा इनपल्स ३०० हा कंट्रोलर साधारण वीस हजारांना आणि पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ बत्तीस हजारांना सांगितला. गावातले एक साउंडवाले दादा त्यांच्याकडचा जुना डीडीजे-२०० नऊ हजारांना देतो म्हणतात. आतेभाऊ म्हणतो की दोन चॅनेलचे खेळणे घेऊ नकोस, हप्त्यावर चार चॅनेलचाच घे. घरात ४ जीबी रॅमचा सहा-सात वर्षे जुना लॅपटॉप आहे. पुढे हळदी, वाढदिवस, कॉलेजचे गॅदरिंग अशी कामे करायची आहेत. सिंकचे बटण वापरणे ही फसवणूक आहे का, हेही सांगावे. — एक वाचक, जि. सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात किमती आहेत, नावे आहेत, आतेभावाचे मतही आहे. पण ज्या एका गोष्टीवर पहिल्या कंट्रोलरची, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने हाताळायच्या बटणांच्या पेटीची, निवड ठरायला हवी तिचा उल्लेख कोणीच केलेला दिसत नाही, दुकानदाराने नाही आणि साउंडवाल्या दादांनीही नाही. ती गोष्ट म्हणजे कंट्रोलरमध्ये स्वतःचे साउंड कार्ड, म्हणजे आवाज बाहेर पाठवणारा भाग, आहे का, आणि असल्यास त्यातून मांडवाकडे जाणारा आवाज आणि तुमच्या हेडफोनमध्ये येणारा आवाज असे दोन वेगवेगळे आवाज एकाच वेळी बाहेर पडतात का. बाकीचे सारे, म्हणजे पॅड किती, दिवे किती रंगांचे, जॉग व्हील म्हणजे हाताने फिरवायची चकती केवढी मोठी, हे त्यानंतर.

आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दाचा अर्थच थोडा सरकलेला असल्यामुळे हा मुद्दा झाकला जातो. ‘डीजे लावला’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती टेम्पोवर रचलेली बेस आणि टॉपच्या स्पीकरांची भिंत. ती वाजवणाऱ्या माणसाला मात्र आपण ‘ऑपरेटर’ म्हणून मोकळे होतो. तुम्हांला शिकायचे आहे ते त्या ऑपरेटरचे काम, आणि त्या कामाचे मर्म एवढेच की पुढचे गाणे लोकांनी ऐकण्याआधी ते तुम्ही ऐकलेले असले पाहिजे. एक गाणे मांडवात चालू असताना दुसरे गाणे फक्त तुमच्या कानात वाजते, त्याची नेमकी सुरुवात तुम्ही शोधता, त्याची लय चालू गाण्याशी जुळवता, आणि मग फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, सरकवता. यालाच क्यू करणे म्हणतात. यासाठी लॅपटॉपमधून डाव्या-उजव्या आवाजाची एक जोडी मांडवासाठी आणि तशीच दुसरी जोडी हेडफोनसाठी, अशा चार वाहिन्या निघाव्या लागतात. आणि साध्या लॅपटॉपला तर एकच जोडी असते. कंट्रोलरमधले साउंड कार्ड ही दुसरी जोडी पुरवते. तुमच्या आतेभावाचे ‘चार चॅनेल’ ते हे नव्हेत. ते चार गाणी एकाच वेळी हाताळण्याविषयी बोलत आहेत, ज्याची गरज तुम्हांला निदान पहिले वर्ष तरी पडणार नाही. मांडवात मला तिसरे गाणे एकाच वेळी वाजवावेसे वाटल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता दादांच्या डीडीजे-२०० विषयी. हा कंट्रोलर पायोनिअर डीजेने २०१९ मध्ये आणला तो मुख्यतः मोबाइलवर वाजवून पाहणाऱ्यांसाठी. वजनाला हलका, दिसायला नीटनेटका, आणि घरी हौसेने शिकायला अजिबात वाईट नाही. पण त्यात साउंड कार्ड नाही. त्याच्या मागे वा पुढे स्पीकरची वा हेडफोनची एकही पिन लावायची जागा तुम्हांला सापडणार नाही, कारण तो केवळ बटणांचा आणि फेडरचा फलक आहे. आवाज निघतो तो मोबाइलमधून किंवा लॅपटॉपमधून. मोबाइलला दुहेरी केबल लावून आवाजाची डावी बाजू एकीकडे आणि उजवी दुसरीकडे, असे वाटून घेता येते, पण मग दोन्हीकडे आवाज मोनो होतो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतला फरक उरत नाही. लॅपटॉपवर नीट क्यू करायचे असेल तर वेगळे साउंड कार्ड विकत घ्यावे लागते, म्हणजे नऊ हजारांचा सौदा नऊ हजारांचा उरत नाही. दादा फसवत आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्यापाशी मोठा मिक्सर आहे, दुसरे साउंड कार्ड असेल, त्यांचे काम भागत असेल. तुमच्यापाशी यातले काही नाही.

हे मी एवढ्या तळमळीने लिहितो आहे त्याला कारण आहे. माझा स्वतःचा पहिला कंट्रोलर असाच होता. दुकानदाराने जॉग व्हीलवर हात फिरवून दाखवला, दिवे लागले, आणि मी पैसे मोजले. पहिलीच हळद मावसबहिणीची. पहिले गाणे सुरू झाले, ते संपत आले, आणि पुढच्याची सुरुवात शोधण्यासाठी मी जॉग फिरवला तर ती शोधाशोध सगळ्या मांडवाला ऐकू गेली: अर्धा शब्द, मग उलटा फिरल्याचा चरचराट, मग पुन्हा तोच अर्धा शब्द. हळदीची वाटी हातात घेऊन उभी असलेली मावशी मागे वळून म्हणाली, ‘‘अडकलं का रे?’’ अडकले काहीच नव्हते. मला ऐकायला कान नव्हता, एवढेच. उरलेली रात्र मी प्रत्येक गाणे संपेपर्यंत वाजवले आणि मधल्या शांततेत पुढचे लावले, जे काम मोबाइलवरची साधी प्लेलिस्टही करते.

तेव्हा पहिली अट ही: मागे मास्टरचे आउटपुट, म्हणजे मांडवाकडे जाणाऱ्या मुख्य आवाजाची जागा, पुढे हेडफोनची जागा, आणि दोन्ही त्याच पेटीतून. न्यूमार्कच्या डीजे२गो२ टच या लांबट पट्टीसारख्या छोट्या कंट्रोलरमध्येसुद्धा या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणजे स्वस्तात हे मिळत नाही अशातला भाग नाही. तरीही मी तो तुम्हांला सुचवणार नाही, आणि त्याचे कारण लयीशी निगडित असल्यामुळे तुमच्या सिंकच्या प्रश्नाबरोबरच सांगतो.

सिंकचे बटण दाबले की सॉफ्टवेअर दुसऱ्या गाण्याची लय पहिल्याइतकी करते आणि ठोक्यावर ठोका बसवते. यात फसवणूक कसलीही नाही. मोठमोठ्या मंचांवरचे डीजे ते वापरतात आणि वाचलेले लक्ष गाण्याच्या निवडीकडे लावतात. अडचण नीतीची नसून गाण्यांची आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याचे आधी विश्लेषण करून त्यावर ठोक्यांची जाळी आखते, आणि ही जाळी संगणकावर एका ठरलेल्या लयीत बांधलेल्या गाण्यांवर अचूक बसते. आपल्या हळदीत मात्र निम्मी मागणी जुन्या कोळीगीतांची, लावण्यांची आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांची असते. तिथे ढोलकी, ढोलक, कोंगो माणसांनी वाजवलेले आहेत; माणूस अंतऱ्याला किंचित पुढे पळतो आणि मुखड्यावर येताना सैलावतो. शिवाय त्यांतली बरीच गाणी दादऱ्याच्या अंगाने तीन-तीनच्या झोक्यात चालतात, आणि चारच्या हिशेबाने जाळी टाकणारे सॉफ्टवेअर तिथे सर्रास चुकते. अशा गाण्याला सिंक दाबले की दोन्ही गाणी पडद्यावर एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि कानाला मात्र दोन ताशेवाले भांडल्यासारखे ऐकू येते.

आकड्यांत पाहा. चालू गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. दुसरे गाणे तुम्ही १२०.५ वर ठेवले, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ तेच वाटणाऱ्या आकड्यावर, तर एका मिनिटात ते अर्धा ठोका पुढे जाते. म्हणजे जिथे एका गाण्याची थाप पडते तिथे दुसऱ्याची मोकळी जागा येते. हा फरक कानाने पकडायचा आणि हाताने मिटवायचा. त्यासाठी लय कमी-जास्त करणारा जो उभा फेडर असतो, ज्याला पिच किंवा टेम्पो फेडर म्हणतात, तो जितका लांब तितके बारीक काम करता येते. डीजे२गो२ टचसारख्या छोट्या कंट्रोलरमध्ये तो बोटाच्या पेराएवढा असतो, आणि बोट जरा हलले तरी लय उडी मारते. शिकणाऱ्याला याचा जाच होतो, आणि दोष आपल्या कानाचा आहे असे त्याला उगाच वाटू लागते.

म्हणून माझा सल्ला असा की सिंक जरूर वापरा, पण घरी दिवसातून अर्धा तास ते बंद ठेवून दोन गाणी केवळ कानाने जुळवा. सुरुवातीला एकच गाणे दोन्ही बाजूंना घ्या, एका बाजूची लय मुद्दाम बिघडवा, पडद्यावरचा आकडा कागदाने झाका, आणि जॉगच्या कडेला हलका धक्का देऊन किंवा बोटाने किंचित रोखून ते गाणे जागेवर आणा. ठोका जुळत आला की दोन थापांचा ‘ट-टक’ असा दुहेरी आवाज हळूहळू मिटून एकच ‘टक’ उरतो. तो क्षण कानाला एकदा कळला की सायकल चालवण्यासारखे होते.

इथेच तुमच्या दुकानातल्या इनपल्स ३०० ची बाजू वरचढ ठरते. त्यात साउंड कार्ड आहे, मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचे मास्टर आउटपुट आहे, पुढे हेडफोनची जागा आहे, आणि मुख्य म्हणजे टेम्पो फेडरजवळ आणि जॉगजवळ बाणांचे छोटे दिवे आहेत, जे हर्क्युलिसच्याच डीजेयूस्ड या सॉफ्टवेअरबरोबर वापरताना लय वाढवायची की कमी करायची आणि गाणे पुढे ढकलायचे की मागे ओढायचे हे दाखवतात. सिंक तुमच्यासाठी काम करून टाकते. हे दिवे काम तुमच्याकडूनच करून घेतात. शिकवणी लावायची सोय नसलेल्या गावात हा फरक मोलाचा आहे. डीजेयूस्ड फुकट मिळते, आणि हा कंट्रोलर सेरॅटो डीजे लाइट या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरवरही चालतो.

डीडीजे-एफएलएक्स४ चा मोह मला समजतो. नवशिक्यासाठी सध्या मिळणाऱ्या दोन चॅनेलच्या कंट्रोलरांत तोच बहुधा सर्वांत सरस आहे: पायोनिअरचे रेकॉर्डबॉक्स आणि सेरॅटो या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो, माइकची जागा आहे, आणि क्लबमध्ये जे पायोनिअरचे प्लेयर आणि मिक्सर मांडलेले असतात त्यांच्याशी त्याची मांडणी मिळतीजुळती आहे. तुमचा लॅपटॉप ठणठणीत असता आणि हेडफोन घरात असते, तर आणखी दोन हजार उसने घ्या असे मीच म्हटले असते. पण तुमचे तीस हजार हे कंट्रोलरसाठी नसून वाजवण्यासाठी आहेत, आणि बत्तीस हजारांचा कंट्रोलर ४ जीबीच्या रखडणाऱ्या लॅपटॉपला जोडणे म्हणजे नव्या ट्रॉलीला थकलेला बैल जुंपणे होय. गाणे मधेच थबकले तर ते कंट्रोलरच्या किमतीमुळे थबकायचे थांबत नाही.

लॅपटॉपचे दुखणे आधी नीट पाहून घ्या. सहा-सात वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा फिरणारी हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम ८ जीबी केली तर तोच लॅपटॉप डीजेच्या कामाला पुरतो, मात्र काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे वाढवता येत नाही, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून उघडून खात्री करून मगच पैसे द्या. वाजवायला बसण्याआधी वायफाय, अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजची अपडेट आणि लॅपटॉपचे आपोआप झोपी जाणे (स्लीप) हे सारे बंद करायचे. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर नावाचा एक आकडा असतो. तो लहान ठेवला तर बटण दाबल्यावर आवाज चटकन येतो पण लॅपटॉपवर ताण पडून कटकट असा आवाज येतो, मोठा ठेवला तर आवाज स्थिर राहतो पण किंचित उशिरा येतो. जुन्या यंत्रावर ५१२ पासून सुरुवात करा. तो उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जेमतेम अधिक असतो आणि नवशिक्या हाताला जाणवत नाही.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथचा हेडफोन घरात असेल तर तो या कामासाठी विसरून जा, कारण ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि १२० च्या लयीत दोन ठोक्यांतले अंतरच ५०० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे कानात ऐकून जुळवलेले गाणे मांडवात साधारण एक तृतीयांश ठोका चुकलेले निघेल. कान पूर्ण झाकणारा, बाहेरचा आवाज अडवणारा आणि एक वाटी फिरवून मागे करता येणारा अडीच हजारांच्या आसपासचा हेडफोन पुरे. हेडफोनच्या बारीक पिनेवर बसवायचा मोठ्या पिनेचा जोड सोबत येतो का पाहा. नसेल तर दोन घ्या, कारण तो हरवतोच.

हिशेब मांडला तर असा होतो. इनपल्स ३०० चे वीस हजार, एसएसडी आणि रॅमचे साडेचार हजारांच्या आतबाहेर, हेडफोनचे अडीच हजार, आणि लीडचे, म्हणजे कंट्रोलर साउंडला जोडायच्या वायरीचे, सात-आठशे. उरतात दोन-सव्वादोन हजार, ते गाण्यांसाठी राखून ठेवा. यूट्यूबवरून उतरवलेली गाणी मोबाइलवर ठीक वाटतात, पण बेसच्या चार पेट्यांवर ती वाजली की वरचा आवाज पत्र्यासारखा आणि खालचा चिखलासारखा होतो. शिवाय ती रीतसर विकत घेतलेलीही नसतात. ३२० केबीपीएसचे चार मिनिटांचे गाणे साधारण दहा एमबीचे असते, म्हणजे हजार गाणी दहा जीबीत बसतात. एवढ्यासाठी इंटरनेटवर अवलंबून राहून भर हळदीत रेंज शोधत बसण्याचे काही कारण नाही. सगळ्या गाण्यांचे विश्लेषण घरीच करून ठेवायचे, आणि तीच गाणी एका पेनड्राइव्हवरही ठेवायची.

एक पर्याय मी उघडा ठेवतो. पायोनिअरचा डीडीजे-४०० हा एफएलएक्स४ च्या आधीचा कंट्रोलर, २०१८ चा. आता नवा बनत नाही, पण जुन्या बाजारात दिसतो. त्यात साउंड कार्ड, आरसीए आउटपुट, हेडफोन आणि माइक सारे आहे, आणि तो जोडला की रेकॉर्डबॉक्स वाजवण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. मूळ बिलासह आणि पंधरा हजारांच्या आत मिळाला, तर इनपल्सऐवजी तोच घ्या, विशेषतः पुढे पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या क्लबात जाण्याचा मनात विचार असेल तर. कारण तिथे लोक लॅपटॉप न नेता रेकॉर्डबॉक्सवर तयार केलेला पेनड्राइव्ह घेऊन जातात आणि ती सवय तुम्हांला आपोआप लागेल. मात्र जुना माल पाहताना आपला लॅपटॉप आणि हेडफोन बरोबर न्या आणि निदान अर्धा तास वाजवा. क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचे गाणे पूर्ण बंद व्हायला हवे. अंधुक ऐकू आले तर फेडर झिजला आहे. टेम्पो फेडर अगदी सावकाश सरकवत पडद्यावरचा आकडा पाहा. तो सलग न बदलता उड्या मारत असेल तर आत धूळ तरी आहे किंवा पट्टी तरी गेली आहे. प्लेचे बटण वीस वेळा दाबा, कारण सर्वांत जास्त मार तेच खाते. यूएसबीची पिन हळूच हलवून पाहा. त्याने जोडणी तुटत असेल तर किमतीत कितीही घासाघीस झाली तरी उठून या.

हप्त्यावर चार चॅनेलचा घेण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नको. हप्ता दरमहा येतो आणि लग्नसराई दरमहा येत नाही. सुरुवातीची बरीचशी कामे ओळखीतली आणि फुकट असतात; पैसे मिळू लागतात ते बहुतेक वेळा एखाद्या साउंडवाल्याचा ऑपरेटर म्हणून रात्रीच्या मजुरीवर, आणि त्या कामात कंट्रोलर कोणता आहे हे वऱ्हाडी पाहत नाहीत. वर्षभराने तुमचा हात बसला आणि दोन चॅनेल खरोखर अपुरे पडू लागले, तर जुना कंट्रोलर विकून पुढे जाता येते. नावाजलेल्या कंपनीचा आणि बिल जपलेला कंट्रोलर अगदी मातीमोल होत नाही. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या, मोठ्या आकाराच्या आणि दिव्यांनी सजलेल्या ‘डीजे मिक्सर’ला मात्र पुढे किंमत उरत नाही, आणि ऑनलाइन पाहताना ती गल्लत अनेकांची होते.

कंट्रोलर येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. मिक्स नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ज्याच्या इंग्रजी नावात शेवटी तीन एक्स येतात. ते विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर कोणतेही पैसे न देता चालते. ते आजच लॅपटॉपवर घ्या आणि कीबोर्डवर दोन गाणी एकामागून एक लावून पाहा. सोळा-सोळा किंवा बत्तीस-बत्तीस ठोक्यांनी गाणे कसे वळण घेते, ध्रुवपद कुठे येते, कोणत्या जागी आवाज रिकामा होतो, हे मोजायला कंट्रोलर लागत नाही, बोटांची पेरे पुरतात. आपल्या गावातले बहुतेक ऑपरेटर व्हर्च्युअल डीजे वापरतात आणि तुम्हांलाही तेच देऊ करतील. सॉफ्टवेअर चांगले आहे, पण कंट्रोलर जोडून आणि पैसे घेऊन वाजवायचे तर त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि क्रॅक केलेली प्रत भर कार्यक्रमात बंद पडल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माइकचा प्रश्न हळदीत हमखास येतो, कारण कोणातरी काकांना घोषणा करायचीच असते. वीस हजारांच्या आतल्या बहुतेक कंट्रोलरांना माइकची जागा नसते आणि त्याने काही बिघडत नाही. माइक थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला लावायचा. एका अर्थी ते बरेच, कारण काकांचा आवाज कमी करण्याची जबाबदारी मग तुमची राहत नाही.

कंट्रोलर मात्र मोठ्या साउंडला जोडताना दोन गोष्टी सांभाळा. आरसीएची वायर चार-पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. लांब वायर जनरेटरची आणि लाइटिंगची घरघर ओढून घेते, आणि लांब न्यायचेच असेल तर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीतली घरघर टाळणारी छोटी पेटी, मागा. घरघर आलीच तर आधी लॅपटॉपचा चार्जर मिनिटभर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, कंट्रोलरचा नाही. दुसरे म्हणजे मास्टरचे दिवे लाल होऊ देऊ नका. गर्दी ‘वाढव, वाढव’ म्हणून ओरडते तेव्हा हात आपोआप त्या नॉबकडे जातो, पण लाल दिवा लागल्यावर आवाज मोठा होत नसून फाटत असतो, आणि फाटलेल्या आवाजाने टॉपचा डायफ्राम उडतो. त्याचे पैसे साउंडवाला ऑपरेटरच्या मजुरीतून कापतो, हे तुमच्या दादांना विचारून पाहा.

कायद्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कामे घ्यायची म्हणता म्हणून एवढे ठाऊक असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, आणि घरच्या हळदीचा त्यात आपोआप समावेश होत नाही. निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, जी बेसची एक पेटीसुद्धा सहज ओलांडते. परवानगी यजमानांनी काढायची असते, पण पोलिस आल्यावर समोर सापडतो तो लॅपटॉपपाशी उभा असलेला माणूस. म्हणून परवानगीचा कागद वाजवण्याआधी डोळ्यांनी पाहा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गाण्यांच्या हक्कांचे म्हणाल तर लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलेल्या किंवा हॉटेलातल्या व्यावसायिक कार्यक्रमांना ती नाही, आणि तिथला परवाना आयोजकाने घेतला आहे का हे काम स्वीकारतानाच विचारावे.

सांगलीच्या दुकानात जाल तेव्हा खोका तिथेच उघडून घ्या, बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या, आणि ज्या लॅपटॉपवर वाजवायचे आहे तोच नेऊन दोन गाणी आणि हेडफोन लावून पाहा: एक गाणे दुकानाच्या स्पीकरवर, दुसरे फक्त तुमच्या कानात. एवढे जमले की पैसे द्या. आणि दादांना डीडीजे-२०० साठी नाही म्हणायला जाल तेव्हा त्यांच्या मिक्सरच्या मागे आरसीएच्या जागा आहेत की नुसत्या मोठ्या पिनेच्या, हे बघून या. तुमची लीड कोणती घ्यायची ते त्यावर ठरेल.